गॅमा किरणांनी निर्जंतुकीकरण : सिरिंजपासून मसाल्यापर्यंत

कोबाल्टनिळा

परवा दुसऱ्या एका धाग्यावर सलाईनच्या नळीवरून विषय निघाला. "हे सगळं रेडिएशनमधून काढतात, म्हणजे आपल्या नसेत रेडिएशनच सोडतात" असं कुणीतरी ठासून लिहिलं आणि त्याखाली अनुमोदनांची रांग लागली. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा वेगळा धागा काढतो. मी सतरा वर्षं याच धंद्यात आहे. आधी प्लांटवर होतो, आता गुणवत्ता विभागात.

प्लांट म्हणजे काय, तर साधारण दोन मीटर जाड काँक्रीटच्या भिंतींची एक खोली. आत जायची वाट सरळ नसते, वळणावळणाची असते. किरण वळत नाहीत, भिंतीवर आपटून विखुरतात आणि दर वळणाला क्षीण होतात. खोलीच्या मधोमध सहा-एक मीटर खोल पाण्याची टाकी. तिच्या तळाशी स्टीलची चौकट आणि चौकटीत कोबाल्ट-६० या गॅमा किरण सोडणाऱ्या किरणोत्सारी धातूच्या पेन्सिली. खरोखर पेन्सिलीच म्हणतात. हातभर लांब, बोटाएवढ्या जाड, स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी आवरणात वेल्डिंग करून बंद केलेल्या. काम नसलं की चौकट पाण्यात. काम सुरू झालं की ती वर येते आणि तिच्याभोवती मालाची खोकी फिरत राहतात. बंद खोक्यात बंद पाकीट, बंद पाकिटात सिरिंज. काही उघडायचं नाही, भिजवायचं नाही, वाळवायचं नाही. वाफेला आत शिरावं लागतं, ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) या जंतुनाशक वायूला आत शिरून पुन्हा बाहेरही यावं लागतं. गॅमाला यातलं काहीच लागत नाही, पुठ्ठा-प्लास्टिकच्या आरपार ते जातात.

आता मुख्य मुद्दा. मालाला किरण लागतात, कोबाल्ट लागत नाही. उन्हात वाळत घातलेला कपडा घरात आणला म्हणून कपाटात उजेड पडत नाही, तसंच हे. गॅमा किरणांत एखादी वस्तू किरणोत्सारी करण्याची ताकदच नसते.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो. माझं टायपिंग हळू आहे.

निवांत

मी पहिला! वाचतोय.

उंटावरचा शहाणा

कपड्याचं उदाहरण गोड आहे, पण मग जंतू मरतात कसे? काहीतरी होतं म्हणूनच मरतात ना? जंतूंना मारणारी गोष्ट माझ्या जेवणाला काही करत नाही, हे पचायला जड जातंय.

कोबाल्टनिळा

प्रश्न एकदम योग्य आहे. मी "काही करत नाही" असं म्हटलेलं नाही, किरणोत्सारी करत नाही एवढंच म्हटलं. करतात, पुष्कळ करतात.

गॅमा किरण पदार्थातून जाताना वाटेत अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. जिथे पाणी आहे तिथे पाण्याचे रेणू फुटून फार चळवळे तुकडे होतात, ते जवळ जे सापडेल त्यावर तुटून पडतात. जंतूच्या पेशीत त्यांना डीएनए सापडतं. डीएनएच्या दोन्ही दोऱ्या जवळजवळ तुटल्या की पेशीला विभागता येत नाही. नळीच्या प्लास्टिकमध्ये त्याच किरणांना प्लास्टिकच्या साखळ्या सापडतात, मसाल्यात सुगंधी तेलं सापडतात. किरणाला जंतू कोणता आणि माल कोणता हे कळत नाही. आमचा सगळा धंदा त्या दोघांच्या सोसण्यातल्या फरकावर चालतो.

आता तो फरक केवढा ते पाहा. मात्रा ग्रेमध्ये मोजतात; एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. माणसाच्या सर्वांगाला चार-पाच ग्रे एकदम बसले आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात. किडे काही शे ग्रेपर्यंत तग धरतात. बहुतेक जिवाणूंना किलोग्रेच्या भाषेत बोलावं लागतं, बीजाणूंना (काही जंतूंच्या कवचबंद, सुप्त रूपाला) आणखी जास्त, आणि विषाणू तर त्याहून चिवट. डीएनए जितकं लांबलचक तितकं ते कुठेतरी तुटण्याची शक्यता जास्त, असा ढोबळ हिशेब. वैद्यकीय मालाला वर्षानुवर्षं वापरात असलेली मात्रा २५ किलोग्रे आहे. माणसाला मारायला लागते त्याच्या पाच हजार पट.

गणितमास्तर

कोबाल्टनिळा, लेख उत्तम, पण एक वाक्य सैल सुटलंय. "गॅमा किरणांत ताकदच नसते" असं सरसकट म्हणता येणार नाही. ताकद ऊर्जेवर ठरते. कोबाल्ट-६० चे गॅमा १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे किरणांच्या ऊर्जेचं एकक). अणुकेंद्रातून न्यूट्रॉन उपटून काढायला याहून जास्त ऊर्जा लागते. सगळ्यात सैल बसलेला न्यूट्रॉन बेरिलियमचा, त्याला सुमारे १.६७, मग जड हायड्रोजन, २.२. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांना तर दहाच्याही वर. म्हणून कोबाल्टचे गॅमा सुरक्षित, "गॅमा" आहेत म्हणून नव्हे. यंत्राने तयार केलेल्या एक्स-रे आणि इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हा प्रश्न खरोखर येतो, म्हणूनच अन्नासाठी इलेक्ट्रॉनला १० आणि एक्स-रेला ५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकात घातलेली आहे.

आणि मुलांना मी नेहमी एक गणित घालतो. २५ किलोग्रे म्हणजे किलोमागे २५,००० ज्यूल. तेवढ्याने पाणी किती तापेल? ४,१८० ने भागा. जेमतेम सहा अंश. माणसाला मारणारी पाच ग्रेची मात्रा तर अंगाचं तापमान एक सहस्रांश अंशानेच वाढवते. गरम चहाच्या एका घोटात त्याहून जास्त उष्णता असते. म्हणजे जंतू भाजून मरत नाहीत. ऊर्जा थोडी, पण पडते नेमकी मर्मावर.

कोबाल्टनिळा

मास्तर, कान पकडला. दुरुस्ती मान्य. "कोबाल्टच्या गॅमांत" असं वाचावं.

सायसाखर

चहाच्या घोटाचं वाचून हातातला कप खाली ठेवला :)

माझा प्रश्न स्वयंपाकघरातला. मसाले, कांदे, बटाटे यांना हे करतात म्हणे. त्यांनाही २५ किलोग्रे?

कोबाल्टनिळा

नाही हो ताई, कांद्याला एवढी मात्रा दिली तर त्याचा लगदा होईल. कांद्या-बटाट्याचे जंतू मारायचेच नसतात, नुसता कोंब थांबवायचा असतो. कोंबाच्या टोकाशी ज्या पेशी झपाट्याने विभागत असतात त्या किरणांना फार नाजूक. ०.०५ ते ०.१५ किलोग्रेत काम होतं. फळांतल्या किड्यांसाठी थोडं जास्त. फळमाश्यांसाठी ०.१५ किलोग्रे हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. यात गंमत अशी की किडा मरावाच लागत नाही. तो नव्या देशात पोहोचून प्रजा वाढवू शकला नाही म्हणजे झालं. त्यामुळे तपासणीत जिवंत अळी सापडली तरी प्रक्रिया फसली असं म्हणता येत नाही. हे समजावताना आयातदारांच्या कपाळावरच्या आठ्या मी पाहिल्यात.

मसाल्यांना मात्र दणकून द्यावी लागते. मसाला जमिनीवर वाळतो, धूळ-बुरशी-बीजाणू सगळं बरोबर येतं. वाफ दिली तर सुगंध जातो. शिवाय तो कोरडा, म्हणजे फोडायला पाणीच कमी, त्यामुळे माल आणि जंतू दोघेही जास्त सोसतात. त्याला साधारण १० किलोग्रेपर्यंत देतात.

उंटावरचा शहाणा

हे ठरवलं कुणी? "आंतरराष्ट्रीय प्रमाण" म्हटलं की संशय येतो मला.

कोबाल्टनिळा

अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती होती. तिने १९८० मध्ये सांगितलं की १० किलोग्रेपर्यंत सरासरी मात्रा दिलेल्या अन्नात विषबाधेचा धोका नाही, वेगळ्या चाचण्यांची गरज नाही. त्यावरून १९८३ मध्ये कोडेक्सचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानक आयोगाचं, मानक आलं, २००३ मध्ये ते सुधारलं. पण सगळ्या देशांनी ते आहे तसं उचललं नाही. युरोपीय संघाच्या सामाईक यादीत आजही वाळवलेल्या सुगंधी वनस्पती आणि मसाले एवढंच आहे. जर्मनीची गोष्ट तर मजेशीर. जगातला पहिला व्यापारी प्रयोग १९५७ मध्ये तिथेच झाला, मसाल्यांवर, आणि १९५९ मध्ये तिथेच बंदी आली.

लेबलवर "विकिरण प्रक्रिया केलेले" असं लिहिणं कोडेक्सनुसार सक्तीचं आहे. हिरव्या वर्तुळातली पानं, ते रॅड्युरा चिन्ह, ऐच्छिक. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ते चिन्ह इतकं गोंडस आहे की लोकांना शेतातून थेट आणलेला माल वाटतो. साधं वाक्य बरं.

मांजरप्रेमी

मी एरवी नुसती वाचते, पण आज लिहावंच लागेल. "धोका नाही" हे वाक्य ऑस्ट्रेलियातल्या मांजरवाल्यांना सांगून बघा. २००८ च्या सुमारास तिथे मांजरांचे मागचे पाय लुळे पडायला लागले. मज्जारज्जूला इजा. धागा निघाला तो आयात केलेल्या एका खाद्यापर्यंत, आणि ते खाद्य सीमेवर गॅमातून काढलेलं होतं. २००९ मध्ये तिथे मांजरांच्या खाद्यावर ही प्रक्रिया बंद केली. यावर काय म्हणणं?

कोबाल्टनिळा

म्हणणं असं की तुमची माहिती बरोबर आहे, आणि आमच्या धंद्यातले लोक ही गोष्ट टाळतात हे चुकीचं आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांजरांतही हाच आजार नोंदवला गेलाय. त्यांना महिनोन्‌महिने फक्त प्रक्रिया केलेलं खाद्य मिळत होतं. मात्रा होत्या ३५ किलोग्रेच्या वर, म्हणजे मसाल्याच्या तिप्पट-चौपट, आणि तेच एकमेव अन्न. तेच खाद्य कुत्र्यांनी खाल्लं, त्यांना काही झालं नाही.

पुढचा भाग मला फार विलक्षण वाटतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा आजारी मांजरांना साध्या खाद्यावर आणलं, तर ती हळूहळू चालायला लागली. मज्जातंतूंवरचं गेलेलं वेष्टण पुन्हा तयार झालं होतं. त्यातून मेंदूविकाराच्या अभ्यासकांना एक मोठा धडा मिळाला, की मोठ्या प्राण्यातही असं वेष्टण पुन्हा चढून चालणं परत येऊ शकतं.

जास्त मात्रेत अ आणि ई ही जीवनसत्त्वं घसरतात, चरबी खवट होते, पेरॉक्साइडं वाढतात. ब-१ ही नाजूक. माणूस दिवसात दहा पदार्थ खातो, मांजर बिचारं एकाच पाकिटावर असतं. म्हणून "मात्रा किती आणि ताटात त्याचा वाटा किती" हे दोन्ही विचारायला हवं. नुसतं "रेडिएशन आहे का" हा प्रश्न अपुरा आहे.

मांजरप्रेमी

उडवाउडवी न केल्याबद्दल आभार. आमची मनी टेबलावर बसून हे वाचतेय.

मोल्डिंगवाला

आता आमच्या दुखण्याकडे वळू या का? प्लास्टिक.

मी इंजेक्शन मोल्डिंग करतो. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी पॉलिप्रॉपिलीनचे नळीचे जोड काढले. चाचणी झकास, गॅमातून आले, पुन्हा तपासले, तेव्हाही झकास. माल गेला. सात-आठ महिन्यांनी फोन : जोड पिळताना काडकन तुटतायत. आमच्याकडे राखून ठेवलेले नमुने काढले, तेही बिस्किटासारखे. गिऱ्हाईक म्हणे तुमचा कच्चा माल भेसळ. मी म्हटलं तुमची मात्रा जास्त झाली. भांडण झालं, गिऱ्हाईक गेलं. खरं कारण नंतर समजलं की मी साधा ग्रेड वापरला होता. किरणांनी साखळीत तयार झालेले अर्धवट तुटके दुवे आत अडकून बसतात आणि महिनोन्‌महिने हवेतल्या ऑक्सिजनशी कुरकुर करत राहतात. गॅमातून आल्या दिवशीची चाचणी पास झाली याला काही अर्थ नाही.

कोबाल्टनिळा

दादा, हे वाक्य आमच्या ऑफिसात फ्रेम करून लावायला हवं.

बाकीच्यांसाठी : पॉलिस्टायरीन फार सोशिक, ढिम्म बसतं. पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींना चिकटतात, बऱ्याचदा त्याचं भलंच होतं. साधं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं, म्हणून गॅमासाठी वेगळा ग्रेड असतो. पीव्हीसी पिवळं पडतं. टेफ्लॉन आणि ॲसिटल यांना गॅमाच्या दारातही उभं करू नये. टेफ्लॉन एरवी कुठल्या रसायनाला दाद न देणारं, आणि इथे त्याचा भुगा होतो. काच तपकिरी पडते. काहींना हा रंग आवडतो, मला विचाराल तर सरबताची बाटली वाटते.

हाडवैद्य

पॉलिथिलीनचं "भलं" होतं म्हणालात, त्याला एक काळी बाजू आहे, ती मी सांगतो. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात घर्षणाचा भाग अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा असतो. तो वर्षानुवर्षं हवा असलेल्या पाकिटात गॅमाने निर्जंतुक करत. मोल्डिंगवाल्यांनी सांगितलं तेच झालं. कपाटात पडल्या पडल्या भाग ऑक्सिडाइज होत गेले. मग रुग्णाच्या शरीरात त्यांचे पापुद्रे निघायला लागले, बारीक कण झाले, त्या कणांना शरीराने प्रतिकार केला आणि सांध्याभोवतालचं हाड झिजलं. १९९० च्या दशकात हे लक्षात आल्यावर ऑक्सिजन काढून टाकलेली पाकिटं आली. आणि नंतर मजा झाली. त्याच किरणांनी, पण जास्त मात्रेत, मुद्दाम साखळ्या एकमेकींत गुंफायच्या आणि मग तापवून अडकलेले दुवे निवळवायचे. असं केलेलं पॉलिथिलीन खूपच कमी झिजतं. आज खुब्याच्या शस्त्रक्रियेत बहुतेक ठिकाणी हेच वापरलं जातं.

दान केलेल्या हाडाच्या तुकड्यांनाही गॅमा देतात. तिथे मात्रा वाढली की हाड ठिसूळ, कमी पडली की जंतूंची धास्ती. जिथे भार पेलायचा आहे तिथे मी तरी नेहमी विचारतो की किती दिली आणि गोठवून दिली का. गोठवलेलं असलं की ते चळवळे तुकडे जागच्या जागी थिजतात, लांब जात नाहीत.

फुलवात

रक्तपेढीतून लिहितेय. आमच्याकडे मात्रा ऐकाल तर हसाल : २५ ग्रे. किलो नाही, नुसते २५. तिथे जंतू मारायचे नसतात. रक्तातल्या दात्याच्या लिंफोसाइट्सनी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी) दुबळ्या रुग्णाच्या शरीरात वाढून त्याच्यावरच उलटू नये म्हणून त्यांची विभागायची ताकद काढून घ्यायची, बस. लाल पेशींना केंद्रकच नसतं, त्यांना विभागायचंच नसतं, त्या तरतात. पण पूर्ण तरतात असंही नाही, त्यांच्यातून पोटॅशियम झिरपायला लागतं, म्हणून अशा पिशवीची मुदत कमी करतात. लहान बाळांना देताना तर ताजीच हवी.

आमच्या नव्या मुलीने एकदा "म्हणजे हे रक्त स्टराइल झालं ना?" असं विचारलं होतं. अजिबात नाही! त्या मात्रेला जिवाणू ढुंकूनही बघत नाही.

निवांत

कांदा ०.१, रक्त ०.०२५, मसाला १०, सिरिंज २५. रट्टा मारून ठेवतो.

पण सिरिंजला २५ च का? २० का नाही, ४० का नाही?

कोबाल्टनिळा

चांगला मुद्दा काढलात, हे आमचं खरं रोजचं काम.

जंतू सगळे एकदम मरत नाहीत. ठरावीक मात्रेत दहातले नऊ मरतात, तेवढीच आणखी दिली की उरलेल्यांतले दहातले नऊ. म्हणजे शून्य कधीच येत नाही, फक्त टिंबानंतरची शून्यं वाढत जातात. मग "निर्जंतुक" कशाला म्हणायचं? ठरलंय ते असं : एखाद्या नगावर एक जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखात एक, किंवा त्याहून कमी. पाकिटावर लिहिलेला "स्टराइल" हा शब्द म्हणजे असा संभाव्यतेचा दावा आहे.

तो सिद्ध कसा करायचा? दहा लाख सिरिंज तपासणं अशक्य. म्हणून आधी माल प्रक्रियेपूर्वी किती मळलेला आहे ते मोजतात. त्यावरून कोष्टकातून मुद्दाम कमी मात्रा काढतात, जिला शंभरात एखादा नग जंतुयुक्त राहावा अशी. ती शंभर नगांना देतात आणि नग पोषक द्रावणात ठेवतात. द्रावण गढूळ झालेले दोनपर्यंत निघाले तर कोष्टक आपल्या मालाला लागू आहे, असं धरून पूर्ण मात्रा ठरवतात. अशी एक पद्धत आहे, आणखीही आहेत, आयएसओ १११३७ या आंतरराष्ट्रीय मानकात सगळं आहे. वरून दर तीन महिन्यांनी फेरतपासणी. पुष्कळ मालाला २५ पेक्षा कमीही पुरते. २५ हा जुना, सावध, सोयीचा आकडा आहे.

आणि एक. खोक्याच्या मधल्या नगाला जेवढी मिळते त्याहून कडेच्या नगाला जास्त मिळते. मधल्याला २५ पोहोचवायची तर कडेच्याला ३५-४० बसू शकते. मोल्डिंगवाल्यांनी चाचणी कडेच्या मात्रेला करायला हवी, मधल्या मात्रेला नाही.

मोल्डिंगवाला

आता सांगताय.

उंटावरचा शहाणा

एवढ्यातूनही वाचणारा जंतू नाहीच?

गणितमास्तर

आहे, आणि त्याचा शोधच या धंद्यामुळे लागला. १९५६ साली अमेरिकेत ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसच्या कृषी प्रयोगशाळेत आर्थर अँडरसन डब्यातलं मांस गॅमाने टिकवायचा प्रयोग करत होते. सगळं जिवंत मरायला हवं एवढी मात्रा दिलेला एक डबा तरीही नासला. त्यातून निघाला डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. पाच हजार ग्रे सहज पचवतो. त्याचंही डीएनए इतरांसारखंच शेकडो ठिकाणी तुटतं, पण हा काही तासांत तुकडे जुळवून पुन्हा अखंड करतो. मात्र त्याला बीजाणू नसतात. त्यामुळे उकळत्या पाण्यात सरळ मरतो.

कोबाल्टनिळा

याला जोडून एक महत्त्वाचं. जंतू मेला तरी त्याने आधी सोडलेलं विष तसंच राहतं. बोट्युलिझमचं विष किंवा बुरशीची विषं अन्नाला देतात त्या मात्रेला दाद देत नाहीत. त्यामुळे नासलेला माल गॅमातून काढून "सुधारता" येतो हा समज डोक्यातून काढून टाका. नासलेलं ते नासलेलंच. मांसाला जास्त मात्रा दिली तर वेगळाच वास येतो, त्याला इंग्रजी शोधनिबंधांत चक्क "भिजलेल्या कुत्र्याचा वास" म्हटलंय. दूध तर याला अजिबात मानवत नाही.

सायसाखर

मसाला प्रक्रिया केलेला आहे आणि लेबलवर लिहिलं नाही, तर कुणाला कळणार?

गणितमास्तर

कळतं! मसाल्याला चिकटलेली मातीची बारीक धूळ साक्ष देते. वाळूच्या कणांत किरणांची ऊर्जा अडकून राहते. ती धूळ वेगळी काढून तापवली की चमकते. हाड असलेल्या मांसात हाडाची चुंबकीय अनुनादाने तपासणी होते, चरबीत काही खास रसायनं सापडतात. अन्न विसरलं तरी धूळ विसरत नाही.

जुनीपोथी

अभिलेखागारात काम करते, म्हणून आमची बाजू. बुरशी लागलेले कागद पाहिले की हात शिवशिवतात, सगळं गठ्ठ्याने गॅमाला पाठवावं. पण कागद म्हणजे सेल्युलोज, त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते नुकसान साठत जातं. दुसऱ्यांदा बुरशी आली म्हणून दुसऱ्यांदा दिली, तर दोन्ही वेळची बेरीज कागदावर. आणि बुरशी पुन्हा येऊच नये अशी काही शक्ती यात नाही. दमट कपाट तसंच ठेवलं तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. म्हणून पूर आला, हजारो फायली एकदम भिजल्या, अशा वेळीच हा उपाय काढावा असं मला वाटतं.

२००१ मध्ये अमेरिकेत ॲन्थ्रॅक्सची पाकिटं आल्यावर टपाल इलेक्ट्रॉनच्या माऱ्यातून काढायला लागले. पत्रं पिवळी आणि कुरकुरीत होऊन पोहोचत. याउलट फ्रान्समध्ये १९७७ मध्ये दुसऱ्या रामसेसच्या ममीला बुरशी लागली होती, तिला कोबाल्टचे गॅमा दिले. तीन हजार वर्षं टिकलेली ममी, उष्णता नको, रसायन नको, कापडाची एक पट्टी हलायला नको. दुसरा उपायच नव्हता. सायबेरियातल्या ख्रोमा नावाच्या मॅमथच्या पिल्लालाही २०१० मध्ये ग्रेनोबलला असंच दिलं. बर्फातून कुठला जुना रोग जागा व्हायला नको म्हणून.

निवांत

तीन हजार वर्षांनी हॉस्पिटलात भरती. राजा तो राजा.

उंटावरचा शहाणा

बरं, माल सुरक्षित आहे असं धरू. पण तिथे काम करणाऱ्यांचं काय? कोबाल्टनिळा, तुम्हाला भीती नाही वाटत?

कोबाल्टनिळा

वाटते आणि वाटायला हवी. ज्याला वाटत नाही त्याला मी चौकटीच्या शिफ्टला लावणार नाही.

१९९० मध्ये इस्रायलमध्ये सोरेकच्या अशाच प्लांटवर काय झालं ते आम्ही प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. खोकी अडकली, चौकट पूर्ण खाली गेली नाही. एक यंत्रणा सांगत होती "सोर्स खाली", दुसरी किरणांचा गजर वाजवत होती. माणसाने सोयीची यंत्रणा खरी मानली. गजर बिघडलाय असं समजून तो बंद केला आणि आत गेला. मिनिट-दोन मिनिटं. काही दिसत नाही, टोचत नाही, गरम लागत नाही. १० ते २० ग्रे. छत्तीस दिवसांनी तो गेला. त्याच्या आदल्या वर्षी एल साल्वाडोरमध्ये, पुढच्या वर्षी बेलारूसमध्ये जवळपास हाच प्रकार. प्रत्येक ठिकाणी माल अडकला होता आणि प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी घाई होती. म्हणून नियम सोपा : दोन खुणा जुळल्या नाहीत तर वाईट असेल ती खरी. आणि हातात चालू मीटर असल्याशिवाय दार ओलांडायचं नाही. आधी पंखे चालवून ओझोन बाहेर काढायचा ते वेगळंच, हवेवर गॅमा पडला की ओझोन होतो. घशाला लागतो.

चोख चालवलेल्या प्लांटमध्ये माझ्या किरण मोजणाऱ्या बिल्ल्यावर वर्षभरात जवळपास काही नोंदत नाही. पण कोबाल्ट बंद करता येत नाही हे खरं. यंत्राचा वीजपुरवठा तोडला की एक्स-रे थांबतात, कोबाल्ट रात्रंदिवस, सुट्टीलासुद्धा चालूच. ५.२७ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे महिन्याला एक टक्क्याहून थोडा जास्त घटतो. आम्ही तेवढ्या प्रमाणात खोकी हळू फिरवतो. तो मिळवायचा तर साधा कोबाल्ट अणुभट्टीत वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त, ठेवावा लागतो आणि अशा भट्ट्या मोजक्याच. त्यामुळे नवे प्लांट काढणारे आता एक्स-रेकडे वळताना दिसतात. मला जुन्याचा लळा आहे, पण वळणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही.

फुलवात

आमच्याकडेही किरणोत्सारी सीझियमचं यंत्र काढून एक्स-रेचं आणलं. सीझियम क्लोराइडची पूड पाण्यात विरघळते, चुकीच्या हातात पडली तर आवरणं कठीण. रोजच्या कामात फरक एकच जाणवला, नवं यंत्र बिघडतं. जुनं कधी बिघडलं नव्हतं, बिचारं गप्प बसून सडत होतं :)

सायसाखर

शेवटचा भाबडा प्रश्न. खोक्यांवर तो छोटा लाल ठिपका असतो, तो लाल दिसला म्हणजे माल निर्जंतुक ना?

कोबाल्टनिळा

नाही ताई. तो पिवळ्याचा लाल होतो एवढंच, म्हणजे खोकं आत जाऊन आलं. किती मिळाली ते तो सांगत नाही; थोड्याशा मात्रेलाही रंग बदलतो, काही तर उन्हात ठेवले तरी बदलतात. मात्रा मोजायला वेगळे डोसीमीटर खोक्यांत ठेवलेले असतात, बॅच सुटते ती त्यांच्या आकड्यावर. ठिपका गोदामातल्या माणसासाठी. प्रक्रिया झालेला आणि न झालेला माल दिसायला अगदी सारखा, तो एकमेकांत मिसळू नये म्हणून. आमच्या गोदामाच्या मधोमध जाळीची भिंत आहे ती त्यासाठीच. ठिपक्यावर विसंबून ती काढू या असा प्रस्ताव मध्ये एकाने आणला होता. आम्ही भिंतच ठेवली.

मांजरप्रेमी

तो एक उंटावरचा होता का?

उंटावरचा शहाणा

हे वैयक्तिक होतंय हं.